ओट्यावरचा हात

आमच्या घरात देव दोन ठिकाणी आहेत. एक देवघरात, त्यांना रोज चार फुलं आणि साखरेचा खडा पुरतो. दुसरा स्वयंपाकघरात, तो म्हणजे पांढरा ओटा. त्याचं सोवळं मात्र विचारू नका.

हा ओटा यंदाच्या मे महिन्यात आला. त्याआधी राइट टाउनमधल्या या घरात काळा ग्रॅनाइट होता, माझ्या लग्नाच्याही आधीपासून. त्याच्यावर आमटी सांडली, लोणच्याचा खार सांडला, माझ्या लेकीनं, दुर्वानं, लहानपणी शाईची अख्खी बाटली उलटी केली, पण त्या दगडानं कधी हूं की चूं केलं नाही. एवढा गुणी दगड माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत खुपायला लागला. हा अनुपम इथल्या खमरिया भागातल्या फॅक्टरीत अधिकारी आहे. तिथल्या कोण्या साहेबाच्या घरी चहाला गेला आणि पांढरा ओटा पाहून आला. झालं!

"अगं, भेडाघाट आपल्या उशाशी आहे," तो म्हणाला. "लोक कुठून कुठून संगमरवर पाहायला येतात, अन् आपण जबलपूरवाले घरात काळा दगड घेऊन बसलो."

"भेडाघाटात कोणी आमटीला फोडणी देत नाही," मी म्हटलं.

मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आपल्या स्वयंपाकात लिंबू, चिंच, ताक, टमाटर, सगळी आम्लंच आम्लं. ही दोघं एकमेकांना भेटली की दगडाची चमक गेलीच समजायची. हे मी त्याला वर्गातल्या ढ पोराला समजावतात तसं दोनदा समजावलं. त्यावर साहेब म्हणाले, "तू केमिस्ट्री शाळेत ठेव." बरं बाप्पा, ठेवली शाळेत.

ओटा बसला. आता दगडाच्या छिद्रांत काही मुरू नये म्हणून त्याला एक औषध लावतात. त्याची बाटली अनुपमनं मोठ्या हौसेनं मागवली, आणि "रविवारी लावू" म्हणून माळ्यावर ठेवली. तेव्हापासून किती रविवार आले आणि गेले, बाटलीचं बूच काही उघडलं नाही. मात्र आम्हाला शिस्त लागली. चहाचा कप खाली ठेवायचा नाही, त्याच्या बुडाखाली चकती पाहिजे. मसाल्याचा डबा ओट्यावर उघडायचा नाही. कढई टेकवायची नाही. पोळ्या कुठे लाटायच्या, हे सांगायचं तेवढं राहिलं होतं. शेवटी माझी सासू एक दिवस जमिनीवर पाट मांडून भाजी चिरायला बसली आणि म्हणाली, "क्षमा, ओट्याला झोप लागली असेल तर हळू बोल."

माझ्या सासूबाई, वसुधाबाई, पंच्याहत्तरीच्या आहेत. आमचं रोज वाजतं. वरणात गूळ किती इथपासून दुर्वा हिंदीतच काहून बोलते इथपर्यंत. पण खरं सांगते, ही बाई घरातून गेली तर संध्याकाळी शाळेतून आल्यावर मी भांडू कोणाशी? अनुपमशी? त्याला भांडता येत नाही, तो लेक्चर देतो.

आणि त्या जातील की काय, ही भीती यंदा खरीखुरी होती. कारण आमच्या महालक्ष्म्या.

भाद्रपदात आमच्याकडे ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात. त्यांचे पितळी मुखवटे आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, सासूचे. आईंचं एकच म्हणणं, महालक्ष्म्या जिथे, तिथे मी. माझी मोठी जाऊ विभावरी, विभाताई, नागपूरला असते. ती दरवर्षी सणाला येते, पुरणपोळीवर तुपाची धार धरते आणि म्हणते, "आई, खरं म्हणजे या थोरल्या घरी असायला पाहिजेत ना?" आई दरवर्षी म्हणायच्या, "माझे हात चालतात तोवर इथेच." यंदा आईंचे हात थरथरायला लागले होते. पाण्याचा पेला धरला तरी पाणी सांडायचं. विभाताईनं आल्या आल्या ते पाहिलं, आणि तिनं पेल्याकडे पाहिलं हे मी पाहिलं.

आवाहनाचा दिवस आला. एक मुखवटा माझ्या हातात, एक विभाताईच्या. पुढे आई, दारापासून कुंकवाची पावलं काढत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या दुबे आंटी दरवर्षीसारख्या पाहायला उभ्या. मागे अनुपम मोबाइलवर व्हिडिओ काढत.

"कोण आलं?" आईंनी विचारलं.

"महालक्ष्म्या आल्या."

"काय घेऊन आल्या?"

"सुखसमृद्धी घेऊन आल्या."

अशा घरभर फिरत आम्ही स्वयंपाकघरात आलो. आमच्या घराण्यात इथे एक रीत आहे. घरातल्या वडील बाईनं ओल्या हळदीत उजवा हात बुडवायचा आणि ओट्यावर ठेवायचा. देवीनं अन्नावर हात ठेवला असं समजायचं. तो हात विसर्जनापर्यंत पुसायचा नाही. काळ्या ग्रॅनाइटवर तो सोन्यासारखा दिसायचा आणि तिसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं निघून जायचा. इतकी वर्षं हे चाललं होतं की कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ओटा बदलला हे आम्हाला चांगलं माहीत होतं, रोज ऐकत होतो. पण सण आला की हात जुन्या सवयीनं चालतो.

आईंचा हात फार थरथरत होता. मी मुखवटा डाव्या कुशीत घेऊन उजव्या हातानं त्यांचं कोपर धरलं. त्यांनी तळवा ओट्यावर दाबला, थोडा वेळ ठेवला आणि उचलला. हात लख्ख उमटला. बोटांच्या पेरांसकट, आणि त्यांची पडून मोडलेली करंगळी जशी बाहेर वाकलेली आहे तशीच वाकडी. आईंच्या तोंडावर असं हसू आलं की मला वाटलं, चला, यंदा निभलं.

"आई! अगं काय केलंस हे!" अनुपम केवढ्यानं ओरडला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? पांढरा दगड आहे तो! कळत नाही तर विचारायचं ना!"

आमच्या हातात देवी. दुबे आंटींचा आ वासलेला. आणि हा माणूस आईवर असा खेकसला, की दाराशी उभी दुर्वाही म्हणाली, "पापा, शांत हो जाओ."

आईंनी ओट्याकडे पाहिलंच नाही. त्या आपल्या पिवळ्या तळव्याकडे पाहत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, "विसर्जनापर्यंत पुसत नाहीत," आणि पुढे चालायला लागल्या.

संध्याकाळची आरती झाल्यावर त्यांनी विभाताईला जवळ बसवलं. "विभा, तुझा ओटा कसा आहे गं?"

"काळाच आहे, आई!" विभाताई इतक्या चटकन म्हणाली की जणू उत्तर तोंडात तयारच ठेवलं होतं.

"मग पुढच्या वर्षीपासून यांना तिकडेच बसव. यंदाच मुखवटे घेऊन जा. मीही येते सोबत."

मी तडक स्वयंपाकघरात गेले. साहेब मोबाइलचा टॉर्च लावून ओट्यावर वाकले होते.

"तुझी आई घर सोडून चालली," मी म्हटलं.

"अगं, रागात बोलते ती. हा डाग गेला की रागही जाईल."

"राग डागाचा आहे का? तू ओरडलास त्याचा आहे. जा, माफी माग."

"आधी डाग तर जाऊ दे," तो म्हणाला. एवढा शिकलेला माणूस! डाग हेच त्याला दुखणं वाटत होतं आणि आई हा डागाचा साइड इफेक्ट.

दुसऱ्या दिवशी महापूजा. पुरण, सोळा भाज्यांची भाजी, कढी, आंबील. एवढं जेवण झाल्यावर आमच्या घरात दुपारी कोणी शुद्धीवर राहत नाही. सगळे जिथे जागा मिळेल तिथे आडवे. मी पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात अनुपम. एका हातात अर्धं लिंबू, दुसऱ्या हातात कान कोरायची कापसाची काडी. काडी लिंबात बुडवायची आणि आईंच्या हाताच्या ठशावरून फिरवायची. काठाकाठानं. एक बोट झालं की दुसरं. लिंबू ठशाबाहेर जराही जायला नको म्हणून जीभ दातांत धरलेली. शाळेत असताना याची चित्रकला वाया गेली म्हणतात. मला ते आता खोटं वाटतं.

"हे काय करून राहिला तू?"

तो दचकला. "हळू बोल ना! एक बाई व्हिडिओत दाखवते. लिंबू म्हणजे नैसर्गिक ब्लीच."

"अरे देवा! संगमरवरावर लिंबू? अनुपम, ते बारीक बारीक बुडबुडे दिसले का? तो डाग जाऊन नाही राहिला, तुझा ओटा जाऊन राहिला."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हळद तर जिथल्या तिथे होतीच, उलट लिंबानं आणखी खुलली होती. "मग उतारा सांग! आम्ल असेल तर अल्कली टाकायचं ना? एवढं मलाही येतं!" आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं सिंकखालचं पाकीट ओढलं, मूठभर पांढरी पूड ठशावर टाकली आणि पाण्याचा हात फिरवला.

ते पाकीट धुण्याच्या सोड्याचं होतं.

आता हळदीला सोडा लागला की काय होतं, हे मी दरवर्षी पोरांना परीक्षानळीत दाखवते. आधी जरा फसफसलं. मग बघता बघता पिवळा हात लाल झाला. असा तसा नाही, लालभडक, कुंकवात बुडवून उठवल्यासारखा.

अनुपमनं हातातलं पाकीट हळूच सिंकखाली परत ढकललं.

"आता?" अनुपम म्हणाला.

"आता काय? पुसायचा नाही. विसर्जन उद्या आहे."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि कणकेची परात उचलून त्या हातावर पालथी घातली. समस्या सोडवायची ही याची पद्धत. फॅक्टरी कशी चालते देव जाणे.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या. दुबे आंटी दरवर्षी प्रसादाचं पुरण मागून नेतात, पण मागायच्या आधी शोधतात. त्या आत गेल्या, परात दिसली, उचलली.

"अरे मैया! नर्मदे हर! नर्मदे हर!"

सगळ्याजणी आत धावल्या. दुबे आंटी छातीवर हात ठेवून उभ्या. "कल हल्दी का हाथ था! हमने अपनी आँखों से देखा, पीला! आज देखो, सिंदूर का हो गया! मैया खुद आई हैं इस घर में!"

झालं. दुर्वानं व्हिडिओ काढला आणि माझ्या कानात म्हणाली, "मम्मी, ये तो पूरे जबलपुर में घूमेगा." पुढच्या आरतीपर्यंत दारात चपलांचा ढीग पडला. ज्या बायका कधी जिन्यात ओळख दाखवत नाहीत, त्या माझ्या स्वयंपाकघरात डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या. कोणी ओट्यावर तेलाचा दिवा ठेवला. कोणी झेंडूची फुलं वाहिली, ती ओलीच होती. कोणी उदबत्ती सिंकच्या नळात खोचली. एका बाईनं तर नारळ सरळ ओट्याच्या काठावरच फोडला, आणि त्या आवाजासरशी अनुपमचे डोळे मिटले.

"भाभीजी, ज़रा नीचे कपड़ा रख लीजिए... दीदी, दिया थाली में... थाली में रखिए ना," तो चहाच्या चकत्या घेऊन इकडून तिकडे पळत होता.

"भैया, आप लाइन लगवाइए पहले," एक बाई त्याला म्हणाली. आणि तो लावायला लागला हो! खरं सांगते, मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला.

पण खरी गंमत पुढेच होती. विभाताई गर्दीतून वाट काढत आली, त्या लाल हातापुढे हात जोडले आणि डोळ्यांत पाणी आणून आईंना म्हणाली, "आई, देवीनं इथेच हात ठेवला हो. आता यांना कशी हलवू मी? पाप लागेल मला. राहू द्या इथेच."

महालक्ष्म्या इथे, म्हणजे आई इथे. मला फक्त गप्प बसायचं होतं. माझ्यासारख्या बाईला एवढं तोंड दिलंय देवानं, ते एक संध्याकाळ बंद ठेवायचं होतं, बस. पलीकडून अनुपम माझ्याकडे असा केविलवाणा पाहत होता की जणू सोन्यासारखी बायको आजच मिळाली त्याला.

आई पुढे आल्या. त्यांनी लाल ठशावर बोट फिरवलं, अंगठ्याशी चोळलं, नाकाशी नेलं. मग वळून माझ्याकडे पाहिलं.

"क्षमा, तू शाळेत केमिस्ट्री शिकवते ना?"

"हो, आई."

"मग सांग. हे काय झालं?"

आता पाहा. इतक्या वर्षांत या बाईनं मला मिठापासून मुलीपर्यंत सगळ्यावर ऐकवलं, पण माझ्या विषयातलं कधी काही विचारलं नव्हतं. आज पहिल्यांदा विचारत होती, तेही सगळ्या मोहल्ल्यासमोर. विचारत होती म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास ठेवणार होती. खोटं कोणत्या तोंडानं सांगू? स्वतःचाच राग आला मला.

"धुण्याचा सोडा आहे, आई. हळदीला लागला की लाल होते."

"वाटलंच मला," आई म्हणाल्या. "माझ्या माहेरी कुंकू हळदीपासून घरीच करायचे. कोणी टाकला?"

मग चकत्यांचा गठ्ठा हातात धरून अनुपम म्हणाला, "मी."

आईंनी सगळ्यांना हिंदीतून नीट सांगितलं, की बायांनो, चमत्कार नाही, कपडे धोने का सोडा है. पण खऱ्यावर लोकांचा विश्वास बसेल तर ना! दुबे आंटी म्हणाल्या, "माताजी, सोडा भी तो मैया ने ही डलवाया!" रांग होती तशीच राहिली. विश्वास बसला फक्त विभाताईचा, कारण तो तिच्या सोयीचा होता. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "मलाही शंका आलीच होती. मग आई, परवाच्या गाडीत तुमचंही तिकीट काढायला सांगते."

आई "काढ" म्हणाल्या आणि आतल्या खोलीत निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी विसर्जन झालं. मुखवटे मऊ कापडात गुंडाळून डब्यात गेले आणि डबा विभाताईच्या बॅगेशेजारी जाऊन बसला. त्याच्याशेजारी आईंची निळी बॅग. ती बॅग मी येता-जाता पाहत होते आणि दर वेळी कोणावर तरी ओरडत होते. दुर्वा दोनदा रडली.

संध्याकाळी अनुपम माझ्याजवळ आला. "आता पुसू?"

"तू काही करू नको," मी म्हटलं. "तू फक्त खडू कूट."

मी ठसा साध्या पाण्यानं धुतला. सोडा गेला तशी लाली गेली आणि आतली हळद पुन्हा पिवळी दिसायला लागली, दगडात मुरलेली. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली आणली होती. शिक्षिकेच्या घरात खडूंना तोटा नाही. अनुपमनं खलबत्त्यात खडू कुटले, मी त्या पुडीत पेरॉक्साइड घालून श्रीखंडाएवढा दाट लेप केला, ठशावर थापला आणि वरून प्लास्टिक चिकटवलं. लेप सुकता सुकता दगडातला रंग ओढून घेतो. माळ्यावरची बाटली वेळेवर उघडली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं, हेही मी त्याला सांगितलं. गरज नव्हती, पण सांगितलं.

तो कुटता कुटता म्हणाला, "मी ओरडायला नको होतं ना?"

"हे मला काहून सांगून राहिला? आई आतल्या खोलीत आहे."

"डाग गेला की सांगतो."

मला बत्ता त्याच्या हातातून घ्यावासा वाटला. कशासाठी ते लिहीत नाही.

सकाळी प्लास्टिक काढलं, सुकलेला लेप लाकडी उलथन्यानं खरवडला, ओल्या कपड्यानं पुसला. हळदीचा मागमूस नाही. ओटा पांढराफेक. अनुपम हरखूनच गेला. "आई! ए आई! ये, बघ! गेला डाग!"

तेवढ्यात पूर्वेच्या खिडकीतून ऊन आलं. आमच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन ओट्यावर आडवं पसरतं. सगळा ओटा चकाकला, आणि मधोमध एक हात चकाकला नाही.

पाच बोटं, तळवा, पेरांच्या रेषा. वाकडी करंगळी. रंग काहीच नव्हता, नुसता तेवढा भाग निस्तेज, बोट फिरवलं तर खरबरीत. अनुपमनं कापडानं पुसला. जोरात पुसला. मग नखानं खरवडला.

"हे काय आहे?"

"लिंबू," मी म्हटलं. "जिथे जिथे तू काडी फिरवलीस, तिथली चमक लिंबानं खाल्ली. हळद निघाली. हे निघत नाही."

"कधीच नाही?"

"मशीननं अख्खा दगड घासला तर. पुसून कधीच नाही."

आई दारात आल्या होत्या. प्रवासाचं पातळ नेसून तयार. मागे विभाताई, एका हातात मुखवट्यांचा डबा, दुसऱ्यात गाडीतल्या जेवणाची पिशवी. आई ओट्याजवळ आल्या, डोळे बारीक करून वाकल्या. मग त्यांनी आपला उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता, बोटं जागेवर पडेनात. मी कोपर धरायला पुढे झाले, पण माझ्याआधी अनुपमनं धरलं. हात त्या हातात बरोबर बसला. करंगळीसुद्धा. दगडावर टेकल्यावर थरथर जराशी थांबली.

"हा वाकसुद्धा काढलास तू?" त्या म्हणाल्या.

"बाहेर जाऊ नये म्हणून..." अनुपम म्हणाला. "काठानं भरला मी. आई, चुकलं माझं. देवीसमोर ओरडलो तुझ्यावर. दगड गेला खड्ड्यात. तू जाऊ नकोस."

आईंनी हात उचलला नाही. "एवढं बोलायला तुला चार दिवस आणि एक लिंबू लागलं?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि कोणतं आधी येऊ द्यावं ते कळेना म्हणून मी उगाच गॅस पुसायला घेतला.

"विभा," आई म्हणाल्या, "तो डबा खाली ठेव."

"पण आई, गाडी... तिकीट..."

"तुझं आहे ना तिकीट? मग तू जा. देवीचा हात या घरात आता पुसता येत नाही, तर तिला नेऊन कुठे बसवतेस? आंबील भरून दिली आहे, सांडू नको."

विभाताईनं डबा ठेवला. जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "लिंबू तूच हाती दिलंस ना त्याच्या?" मी म्हटलं, "सोडा भी तो मैया ने ही डलवाया, ताई." ती काही हसली नाही.

दिवाळीच्या आधी पॉलिशवाला बोलवावाच लागला. भाविकांनी ओट्याची दैना केली होती. तेलाची वलयं, झेंडूचे डाग, नारळानं उडालेला काठाचा टवका. त्यानं मशीन लावलं, पाणी सोडलं आणि एका टोकापासून घासत आला. हाताजवळ पोचला तसा अनुपम पुढे झाला आणि त्यानं आपला तळवा त्या ठशावर ठेवला.

"इतना छोड़ के, भैया."

"साहब, धब्बा रह जाएगा," पॉलिशवाला म्हणाला.

"रहने दो."

मशीन घरघरत राहिलं, पांढरं पाणी उडून अनुपमच्या बाहीवर, चष्म्यावर बसलं. त्यानं हात काढला नाही. आई दारातून म्हणाल्या, "अरे वेड्या, बोट जाईल." त्याचा हात मोठा, आईंचा ठसा त्याच्याखाली जवळजवळ झाकला गेला होता. वाकडी करंगळी तेवढी बाहेर राहत होती, म्हणून तिच्यावर मी बोट ठेवलं.